यंत्राची तब्येत

माझ्या सासऱ्यांना उकडत नाही. म्हणजे बनियन पिळलं तर बादली भरेल, चेहरा लालबुंद होतो, पण विचारलं की उत्तर ठरलेलं: "मला कुठे उकडतंय?" जन्मभर बेकरीत भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं उन्हाळा काय वाकडं करणार, हा त्यांचा मुद्दा. भट्टीपुढे उभे होते तेव्हा ते तरुण होते आणि आता पंचाहत्तरी उलटली, हा माझा मुद्दा. माझ्या मुद्द्याला या घरात कुणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते पडले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. संध्याकाळी घरी आले तर सासरे स्वयंपाकघरात फरशीवर. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि आम्हाला बजावलं, "दुपारी यांना गार खोलीत ठेवा. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे उपाय नाही." म्हणून यंदा उन्हाळा लागताच झोपायच्या खोलीत एसी बसवला. एसी बसला, पण सासरे काही त्याखाली बसेनात. "एकट्या म्हाताऱ्यासाठी एवढं लाइटबिल? रात्री तुम्ही दोघं झोपता तेव्हा लावा." आम्ही कामाला गेलो की ते मागच्या गॅलरीत, पत्र्याखाली, खुर्ची टाकून बसत.

गोड बोलून झालं, रागावून झालं. नवऱ्याने एकदा आवाज चढवला तर त्याच्याशी अबोला धरला. सगळं घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी: आपल्यावर पैसा खर्च होता कामा नये.

मग मी सरळ खोटं बोलले. त्याची मला काडीची लाज वाटत नाही. माणसांपेक्षा यंत्रांवर जीव असलेला माणूस आहे हा. बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र आखडू नये म्हणून सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन थोडं चालवून येत, असं सासूबाई सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

"बाबा," मी म्हणाले, "एसी बसवणारा सांगून गेलाय, नवं यंत्र भर दुपारी तीन-चार तास चाललं नाही तर आतून आखडतं. मग दुरुस्तीचा खर्च आपल्याच बोकांडी."

ते ताडकन उठून बसले. "मग हे आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. दुकानातून लवकर निघून घरी आले. खोलीचं दार घट्ट बंद, आत एसी सुरू, पलंगावर चिटपाखरू नाही, आणि सासरे दाराबाहेर स्टुलावर घामाने निथळत राखण करताहेत.

"झालेच आता तीन तास," ते म्हणाले. "छान चाललं. मधून मधून दाराला कान लावून बघत होतो."

रिकाम्या पलंगाला गारवा आणि माणूस बाहेर तळला जातोय. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण एकदा खोटं बोललं की त्याला भाऊ-बहिणी द्याव्या लागतात.

"बाबा, खोलीत माणूस पाहिजे. नुसतं रिकामं चालवलं तर यंत्राला भार मिळत नाही."

हे त्यांना चटकन पटलं. "बरोबर आहे. पिठाचं यंत्रसुद्धा रिकामं फिरवायचं नसतं."

तेव्हापासून ते जेवण झालं की कामावर रुजू व्हावं तसे, यंत्र दमू नये म्हणून एसी अठ्ठावीसवर लावून, त्याखाली बसू लागले. पंधरवड्यात चेहऱ्यावर तजेला आला. भाजीला नावं ठेवू लागले, म्हणजे तब्येत नक्कीच सुधारली होती. मी स्वतःवरच खूश होते.

पण आमचे सासरे अर्धवट काम करणारे नव्हेत. एका दुपारी विसरलेला डबा न्यायला घरी आले, खोलीचं दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर माझ्या उशीला रेलून पेपर वाचताहेत, शेजारचे पोस्टमनकाका माझं पांघरूण घेऊन घोरताहेत, आणि खालचे फ्रिजवाले काका, ज्यांचा सगळा जन्म फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात गेला, ते सासऱ्यांशी पत्ते खेळताहेत.

"मी पडलो किडमिडा," सासऱ्यांनी खुलासा केला. "एकट्याचा भार कमी पडत होता."

मी फ्रिजवाल्या काकांकडे पाहिलं. त्यांनी नजर पत्त्यांत खुपसली. थोड्या वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, भारबिर असलं काही नसतं हं."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"आमच्याकडे एसी नाही," ते म्हणाले आणि पुन्हा खेळायला गेले.

आता चार म्हाताऱ्यांना गार करायचं तर बिल काय येणार? आलं. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. जेवताना त्याने बिल उघडलं आणि घास घशात अडकला.

"आपण बर्फाचा कारखाना काढलाय का?"

"यंत्राच्या तब्येतीसाठी चालवावं लागतं दुपारचं," सासरे शांतपणे म्हणाले. "आणि भार द्यावा लागतो."

नवरा मोठ्यांदा हसला. "बाबा, कुणीतरी तुम्हाला मस्त बनवलंय. यंत्र बंद राहिलं तर काय धाड भरते त्याला?" मग त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं आणि हसणं मधेच थांबलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ताट तसंच ठेवून ते हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. दुपारी दुकानातून घरी फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. मग गिऱ्हाइकाच्या नाकावर अर्धवट बसवलेला चष्मा तसाच सोडून मी निघाले. वाटेत मनात काय काय आलं ते सांगवत नाही.

सासरे गॅलरीत पत्र्याखाली बसले होते. ओठ सुकलेले, डोळे लाल. मंडळींना दारातूनच परत पाठवलेलं. मी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

"तू कशाला इथे?"

"तुम्ही बसलात म्हणून."

"आत जा. भोवळ येईल."

"तुम्ही चला, मग जाते."

वरून पत्रा भाजत होता. कपडे अंगाला चिकटले, डोकं ठणकायला लागलं. मीही काही कमी हट्टी नाही.

"मला फसवलंस," ते शेवटी म्हणाले. "चार लोकांत वेडा ठरलो मी."

"फसवलं. पुन्हाही फसवीन." आवाज स्थिर ठेवायचा होता, राहिला नाही. "गेल्या वर्षी तुम्ही फरशीवर पडला होतात. मी हाका मारत होते, तुम्ही ओ देत नव्हतात. मला वाटलं, गेले बाबा. लाइटबिल दर महिन्याला येतं, ते भरता येतं. तुम्हाला कुठून आणायचं होतं मी?"

मी रडायला लागले की आधी नाक गळतं. गळलं. रुमाल दुकानात राहिला होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला. तो घामाने चिंब होता, तरी मी घेतला.

"एका म्हाताऱ्यासाठी एवढा खर्च..."

"हो, एका म्हाताऱ्यासाठीच. यंत्र गेलं खड्ड्यात."

ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. मी खिडक्या लावल्या, रिमोट घेतला आणि ते नेहमी लावायचे तसा एसी अठ्ठावीसवर लावला.

"कमी कर," ते म्हणाले.

"किती?"

"चोवीस. अठ्ठावीस यंत्रासाठी होतं."