चौथं भिंग

"सूनबाई, माझ्या लेकाला झाकण उघडता येतं, लावता येत नाही. लावायला आता तू आलीस."

सासूबाईंचं हे बोलणं तीस वर्षांपूर्वी तिच्या कानांवर पडलं, तेव्हा ती हसली होती. नवी नवरी हसणार नाही तर काय करणार! पुढे घरात रेडिओ उघडे पडले, घड्याळं उघडी पडली, एकदा तिचंच शिलाई मशीन तीन दिवस पोट फाडल्यागत पडून राहिलं, आणि ते हसू कधी विरलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

आता नवऱ्याला वेड होतं जुन्या लष्करी दुर्बिणींचं. बंदूक नको, गोळी नको. लपून बसलेल्या नेमबाजाने जिला डोळा लावला, ती बंदुकीवरची वीतभर नळी तेवढी हवी. तीन कपाटात होत्या. चौथीसाठी त्याने वीस वर्षं पत्रं लिहिली, तेव्हा कुठे ती परवा-परवा घरी आली. नळीवर कोरलेला आकडा आणि तिला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीवरचा आकडा एकच. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून दोघींची ताटातूट झालेली नव्हती.

"बघ, जोडी कशी जुळलीय!" तो हरखून म्हणाला.

"आपली जुळवताना एवढं कुणी पाहिलं नव्हतं."

त्याने गंज उतरवला, पण जिथे काळा रंग बोटांनी झिजला होता तिथे हात लावला नाही. "ही झीज कुणाच्या तरी अंगठ्याची आहे. ती पुसणारा मी कोण?" असं काही बोलला की तिचा राग पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळे. वैताग मात्र तळाशी राही. चहा गार, आंघोळ राहिलेली, जेवायच्या टेबलावर मखमली फडकं, फडक्यावर मुंगीएवढे स्क्रू, आणि घरात शिंकायचीही चोरी!

त्यातच त्याला भिंगात एक डाग दिसला.

त्या दिवशी ती गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही जोडत होती. तोंडात टाचण्या. याने दुर्बीण थेट तिच्या डोळ्याला लावली. "बघ गं, दिसतोय ना? नेम धरायच्या फुलीच्या खाली, डावीकडे." तिला समोरच्या गच्चीवरची टाकी दिसली, टाकीवरचा पक्षी दिसला, पक्ष्याचा लुकलुकता डोळासुद्धा दिसला. डाग काही दिसला नाही. पण टाचण्या तोंडात धरून वाद घालता येत नाही. ती नुसतं "हूं" म्हणाली.

त्या एका हुंकाराने घराची रया गेली.

त्याने डोळ्याकडचं भिंग फिरवून पाहिलं. डाग त्याच्याबरोबर फिरेना. पुढचं फिरवलं. तरी फिरेना. "म्हणजे मधल्यात आहे," त्याने निकाल दिला. तीन भिंगं मोजली आणि गणित सुटलं! ज्यातून तो स्वतः बघत होता, ते चौथं भिंग हिशोबातच नव्हतं. मग रोज उघड, पूस, फुंकर मार, बंद कर. धाकटा दीर आला, त्यालाही बघायला लावलं.

"दादा, डाग कुठाय? काच तर लख्ख आहे."

"तुला जन्मात कधी काय दिसलंय! तुझ्या वहिनीला दिसला, तुला दिसत नाही?"

दिराने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने भांड्यांकडे पाहिलं.

त्याच दिवशी जेवताना त्याने स्वच्छ ताट अंगठ्याने दोनदा घासलं. "काय लागलंय गं याला?" दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पडद्यावरून त्याने हात फिरवला, माशी उडवावी तसा. तिने पडदा उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर काहीच नव्हतं.

सांगायचं तर कसं? कोपऱ्यावरच्या सोनारकाकांची नजर गेली तेव्हा हाच म्हणाला होता, "डोळे गेले म्हणजे कारागीर गेलाच. उरतो तो नुसता जेवणारा." शिवाय तो हुंकार तिचाच होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले.

आज सकाळी त्याने गॅसवर पातेलं चढवलं, पाण्यात थर्मामीटर सोडला. मधलं भिंग म्हणजे राळेने चिकटवलेल्या दोन काचा; पुसून डाग जात नाही म्हणजे तो त्या दोघींच्या मध्येच, असं त्याचं म्हणणं. ऊब दिली की राळ सुटते आणि काचा वेगळ्या होतात. पण जुनी काच कधीकधी ऊब सोसत नाही, तडकते. तशी दुसरी काच कुठे मिळायची नाही, हे तोच तिला दहादा सांगून बसला होता.

"अहो, राहू द्या ना."

"आता मध्ये बोलू नकोस. एक अंश इकडेतिकडे झाला तर वीस वर्षं पाण्यात."

"म्हणूनच म्हणते, राहू द्या."

"डाग तसाच ठेवू? तू तरी असं बोलू नकोस! या घरात तो दिसला फक्त तुला आणि मला."

चिमट्यात धरलेलं भिंग पाण्याकडे निघालं. तिने पुढे होऊन गॅस बंद केला.

"अगं, काय चाललंय तुझं! वेड लागलंय का?"

"मला लागलंय? तीन आठवडे नाकी नऊ आणलेत तुम्ही माझ्या! ठेवा ते खाली. आधी खाली ठेवा, मग ओरडा."

त्याने भिंग मखमलीवर ठेवलं. ओरडला मात्र नाही.

"मला डाग दिसला नव्हता," ती म्हणाली. "तोंडात टाचण्या होत्या, कामाची घाई होती, म्हणून हूं म्हटलं. काच निर्मळ आहे हो. डाग तुमच्या उजव्या, दुर्बिणीला लावता त्या डोळ्यात आहे. ताटावर तोच होता, पडद्यावरही तोच. मला कळलं होतं, आणि मी घाबरले, म्हणून बोलले नाही."