विदेशी पाहुण्यांची पहिली पसंती

घोडेगावहून डिंभ्याला निघालेल्या जीपमध्ये इल्डिको मागच्या बाकावर, दोन पोत्यांच्या मधे अंग चोरून बसली होती. समोरची बाई कधीची तिच्याकडे बघून हसत होती. शेवटी तिनं विचारलंच, "रिसॉर्टवाल्या मॅडम तुमीच ना?"

"न्हाई वो. मी जुन्नरला राहते. मासे धरायला चाललेय."

"मग बोर्डावर कोण हाय?"

पुढच्या वळणावर इल्डिकोला बोर्ड दिसला आणि ती इतक्या जोरात ओरडली, की ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला.

इल्डिको हंगेरीची. जुन्नरजवळच्या एका बियाणे कंपनीत टोमॅटोच्या नव्या वाणांवर काम करायला आली, त्याला दोन वर्षं झाली होती. आठवडाभर शेडनेटमध्ये राबायचं आणि रविवारी गळ घेऊन डिंभ्याच्या धरणावर जायचं, हा तिचा नेम. आधी एसटी, मग जीप, मग पायी. कधी गाडीच यायची नाही; तरी तिला तो प्रवास आवडायचा. मराठी ती धरणाकाठच्या चिमाजीकडून आणि त्याची बायको अंबाबाई हिच्याकडून शिकली होती. त्यामुळे बँकेत ती "फॉर्म भरला व्हता" म्हणाली की कारकून हसायचा, शेजारच्यांना ऐकवायचा आणि वर सेल्फी मागायचा. हे सगळं तिनं सहन केलं होतं. आता मात्र तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

दोन माणसांच्या उंचीचा फ्लेक्स. त्यावर ती स्वतः, हातात भलामोठा कटला मासा. खाली ठळक अक्षरांत, 'विदेशी पाहुण्यांची पहिली पसंती'. त्या रिसॉर्टात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. दिवाळीनंतर एक कॅमेरावाला पोरगा काठावर आला होता, "मॅडम, एक फोटो" म्हणाला होता आणि तिनं मान हलवली होती, एवढंच. फोटोत तिच्या शेजारी चिमाजी उभा होता. मासाही त्याचाच, त्याच्या जाळ्यातला; तिच्या गळाला त्या दिवशी काहीच लागलं नव्हतं. फ्लेक्सवर चिमाजी नव्हता. माशाच्या शेपटीखाली चार काळसर बोटं तेवढी उरली होती, मनगटाच्या अलीकडे कापलेली.

ती तिथंच उतरली आणि तरातरा चालत चिमाजीच्या घरी पोचली. तो अंगणात जाळं सांधत होता.

"तो बोर्ड बघितला का तुमी?"

"बघितला की," चिमाजी मान वर न करता म्हणाला. "दोन म्हैनं झालं. आधी रिसॉर्टच्या आत व्हता, रस्त्यावर आत्ता आणला."

"दोन महिने! मला सांगितलं का नाय?"

चिमाजी जाळ्याची गाठ मारत राहिला. अंबाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगा की आता. किती दिस मनात ठेवणार?"

"त्या दादाभाऊनं रिसॉर्टखालच्या काठावर पाटी लावली," चिमाजी सांगू लागला. दादाभाऊ म्हणजे रिसॉर्टचा मालक. "हितं जाळं टाकायचं न्हाई म्हणतोय. पावण्यांना घाण दिसती म्हणं. मी मच्छीमार सोसायटीचा मेंबर, माझ्याकडं परवाना हाय. तर म्हणला, परवाना घरात ठेव. मग तुमचा फोटो लागला. मला वाटलं, तुमीबी त्यांच्यातल्याच."

इल्डिको खाली बसली. गेले दोन महिने चिमाजी तिला पुन्हा 'मॅडम' म्हणायला लागला होता. पोरीसारखं एकेरी बोलणारा माणूस अहो-जाहो करत होता, आणि तिला वाटलं होतं, कामाच्या ताणात असेल. त्या फ्लेक्सनं तिचं तोंड वापरलं, ते एक वेळ ठीक. पण दोन वर्षांत जोडलेलं एकमेव घर तिच्याच तोंडानं तोडलं होतं! तिला रडू येईना, नुसता संताप संताप झाला.

"चला," ती म्हणाली. "दोघंबी चला."

रिसॉर्टच्या अंगणात पुण्याकडची चार-पाच कुटुंबं नाश्ता करत होती. दादाभाऊ हसत पुढं आला. "वेलकम मॅडम! प्लीज सिट."

"मराठीत बोला. माझा फोटो कुणाला विचारून लावला?"

"अहो, फुकट पब्लिसिटी झाली तुमची! एक रूम फ्री देतो, कधीबी या."

"मला रूम नको. त्या फोटोत हात कुणाचा हाय?"

"आता हात कुणाचा का असंना..."

"कुणाचा का असंना?" अंबाबाई पुढं झाली. चिमाजीचा उजवा हात धरून तिनं दादाभाऊच्या तोंडासमोर नेला. "ह्यो बघ, भाऊ. ह्या हातानं मासा धरला. तुला मासा चालला, ही बाई चालली, आणि माझा नवरा घाण दिसतोय व्हय?"

नाश्त्याचे चमचे थांबले. इल्डिको पाहुण्यांकडे वळली. "मी हितं कधी राहिले नाय. हा बोर्ड खोटा हाय. आणि जाळं टाकायला मनाई करायचा ह्यांना काही हक्क नाय."

या वेळी तिच्या मराठीवर कुणी हसलं नाही. एका बाईनं प्लेट बाजूला सारली आणि मालकाला विचारलं, "खरंय का हे?" दादाभाऊनं इकडंतिकडं बघितलं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. मग त्यानं पोरांना हाक मारून बोर्ड उतरवायला लावला. उतरवताना तो फाटला. काठावरची पाटी मात्र तशीच राहिली. "ती माझ्या जागेत हाय," दादाभाऊ गुरगुरला. खरं तर ती धरणाच्या जागेत होती.

परतताना घराजवळ आल्यावर चिमाजी म्हणाला, "चुकलं माझं. विचारायला पायजे व्हतं."

"व्हय, पायजे व्हतं," इल्डिको म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही.

चिमाजी ओशाळून हसला. "भाकरी खाऊन जा, पोरी."

सोमवारी दुपारी ती शेडनेटमध्ये असताना चिमाजीचा फोन आला. त्यानं पाटीच्या बरोबर खाली जाळं टाकलं होतं. रिसॉर्टची दोन पोरं आरडाओरडा करत आली, तर अंबाबाई परवाना पुढ्यात घेऊन काठावर बसली आणि जागची हलली नाही. कंटाळून पोरंच निघून गेली.

"आणि मासे?" इल्डिकोनं विचारलं.

"चार शेंगाळं. लई बारकी हायत."