बिनभोकाचा बजरबट्टू

सुलतानबी मणेरणीनं जन्मभर बजरबट्टू ओवले. गोटीएवढे कठीण मणी. नृसिंहवाडीच्या जत्रेला जाऊन ती विकायची. तान्ह्याच्या गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही, हे कुणाला पटवावं लागत नसे. हा मणी म्हणजे एका जातीच्या माडाची बी, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. बिया कारवारकडून यायच्या, कारण गडहिंग्लजात तिच्या परसामागं, शेजारी शेतकरी केरबाच्या बांधावर असलेला तसला एकुलता माड साठ वर्षं नुसती पानं मिरवत उभा होता.

बहात्तरच्या दुष्काळात तो फुलला. आभाळभर पांढरा फुलोरा. दुपारी डोळा लागला की सुलतानबीला वाटे, आपली खाट अलगद तरंगत त्या फुलांत निघालीय. हा माड जन्मात एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. म्हातारीला त्याचा हेवाच वाटला.

"ह्येनंच पाऊस अडीवलाय," केरबा म्हणाला. पुढल्या साली फळं पिकू लागताच त्यानं माड पाडला आणि उसाच्या पाचटात पेटवून दिला. सुलतानबीनं हात पोळून घेत टोपलीभर बिया ओढून काढल्या. त्या तिला पेरायच्या होत्या. आसपास असला दुसरा माड नव्हता.

त्यातली पहिली बी तिनं रिवाजानं चिंधीत बांधून शेजारच्या लीलाच्या पाळण्याला दिली. पाळण्याच्या बीला भोक पाडत नाहीत. मग ती हाताला पट्टी बांधायला दवाखान्यात गेली.

परतली तर नवरा इलाही मण्यांना भोकं पाडायचा सामता पुसत बसलेला. "तुजा हात भाजलाय न्हवं? सगळ्यास्नी भोकं पाडून ठिवलोय बघ!"

भोक पडलेली बी उगवत नाही. सुलतानबीनं त्याला तोंड भरून शिव्या घातल्या आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.

लीलानं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. तिची दोन लेकरं गेली होती. पाळण्यात तिसरं होतं. ती घुटमळली. मग चिंधी सोडून तिनं सुलतानबीपुढं धरली.

"आगं, लेकराला दृष्ट लागंल की!"

"पेरा चाची. सगळ्यांची दृष्ट त्यो माड काढतोय. त्येची कोण काढायची?"

चार-पाच महिन्यांनी परसात कोंब आला. सुलतानबीनं भोकाच्या बियांतली एक काळ्या दोऱ्यात ओवून लेकराच्या गळ्यात बांधली, दुसरी कोंबाशेजारच्या काठीला.

"ह्यो फुलंल तवा तुजा ल्योक म्हातारा झालेला असणार," ती लीलाला म्हणाली. "फुलं बघायला त्येला जगावंच लागतंय की!"