खाट अकराची तोंडी परीक्षा

१. रुग्णाचे नाव

दिव्यानी. वय बावीस. गाव चामोर्शीच्या पलीकडं. खाट अकरा.

रिना खोब्रागडेनं नाव सुबक अक्षरात लिहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. नऊ वाजून पाच. बरोबर तासाभरानं नागपूरच्या देशकर मॅडम खाटेशी येणार होत्या. तोवर रुग्ण तपासायचा, नमुन्यातले रकाने भरायचे, मग तोंडी. एम.एस्सी. नर्सिंगची ही प्रात्यक्षिक परीक्षा, चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात, आणि रिनाची दुसरी खेप.

पहिल्या खेपेला काही येत नव्हतं म्हणून ती नापास झाली, असं कोणी म्हणेल तर खोटं. प्रश्न हृदयावर होता. ती रक्तापासून सुरू झाली, रक्तावरून फुफ्फुसात गेली, फुफ्फुसातून प्रतिकारशक्तीत, आणि हृदयाशी पोचते न पोचते तोच वेळ संपली. "तुमचं उत्तर एका जागी बसतच नाही हो," परीक्षक म्हणाले. आजार तरी कुठं एका जागी बसतो, असं ती मनात म्हणाली. मनातल्या उत्तराला गुण नसतात.

म्हणून या वर्षी तिनं वेगळा अभ्यास केला. एटापल्ली तालुक्यातल्या ज्या दवाखान्यात ती नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे, तिथल्या क्वार्टरच्या भिंतीवर तिनं एकच मोठा कागद डकवला. चार कोपऱ्यांत चार प्रकरणं आणि मधे बाणच बाण. सूरजागडकडून खनिजाचे ट्रक गेले की कागद थरथरायचा. ड्यूटीवरून आल्यावर ती एकेका बाणाचं उत्तर मोठ्यानं म्हणायची. आता कुठूनही विचारा, ती तयार होती.

२. फाइलमधील निदान

उजव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया. रक्तक्षय. सिकलसेल वाहक, कार्ड पाहिले.

त्या मुलखात सिकलसेलचं कार्ड कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पिवळं म्हणजे वाहक: आई किंवा बाप, एकाकडूनच दोष आला, माणूस धडधाकट. लाल म्हणजे दोघांकडूनही आला. मग प्राणवायू कमी पडला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, मोडतात, आणि माणूस जन्मभर दुखण्यात. पिवळ्याला एएस म्हणतात, लालला एसएस. लग्न जुळवायला पाहुणे आले की चहाच्या आधी कार्ड मागतात.

३. सध्याची तक्रार

"सिस्टर, हे सलाईन मोठं करा न जरा. थेंब थेंब काय पडून राह्यलं?"

बोलणारी बाई स्टुलावर अशी बसली होती जणू वॉर्ड तिच्या नावावर आहे.

"तुम्ही कोण?" रिनानं विचारलं.

"गुणाबाई. हिची सासू."

"होनारी," खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली दुसरी बाई हळूच म्हणाली. ती रुखमा, दिव्यानीची आई.

"होनारीच. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. पोट्टीले ताप आला तं हिची माय नुसती रडून राह्यली होती. मीच घेऊन आली यष्टीनं."

दिव्यानी हसायचा प्रयत्न करत होती, पण हसायला लागणारा श्वास तिच्याकडं नव्हता. ताप तीन दिवसांचा. उजवीकडं छातीत टोचते. दम लागते.

"तापाच्या आधी काही दुखत होतं? हातपाय, पाठ?"

दिव्यानीनं आईकडं पाहिलं.

"काई नाई," रुखमा म्हणाली. प्रश्न संपायच्या आतच म्हणाली.

४. शारीरिक तपासणी

श्वास मिनिटाला बत्तीस. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू नव्वद. रिनानं वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारली, मास्क लावून घेतला आणि सलाईनचा वेग आणखी कमी करवला. गुणाबाईंचे डोळे कपाळात गेले. "म्या मोठं कराले सांगतलं होतं!"

"माहीत आहे, बाई. तुमचं नंतर ऐकतो."

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. हे एक. डाव्या घोट्याच्या आत बंद्या रुपयाएवढा काळपट, चकचकीत व्रण. हे दोन. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर हृदयाचा दुसरा ठोका दार आपटल्यासारखा मोठा. हे तीन. फाइलमध्ये हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार, आणि त्याखाली लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या. तिकडं बाईचं हिमोग्लोबिन सहा आलं तर कोणी दचकत नाही. गोळ्या लिहायच्या आणि पुढची फाइल उघडायची.

रिना दचकली. कारण तिच्या स्वतःच्या पर्समध्ये पिवळं कार्ड होतं. बारावीत असताना बापूरावांनी, तिच्या वडिलांनी, काढून आणलेलं. ते कार्ड घेऊन ती नऊ वर्षं पहाडातल्या पाड्यांवर लसी पोचवत होती, चढण चढत होती, आणि तिचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली कधी आलं नव्हतं. डोळे पिवळे होणं तर दूरच. पिवळ्या कार्डाचं रक्त असं वागत नाही.

"कार्ड पाहू," ती रुखमाला म्हणाली.

रुखमानं पिशवीतून कार्डाचा कोपरा वर काढला. पिवळा. आणि परत आत.

तेव्हा रिनाला कळलं. डॉक्टरांनी काय पाहिलं, गुणाबाईंनी बैठकीत काय पाहिलं, सगळ्यांनी काय पाहिलं. रंग. रंग दिसला की नाव वाचायला कोण थांबतं?

५. पूर्वेतिहास

(रकाना रिकामा. नऊ अडतीस.)

"गुणाबाई, एक काम कराल? खाली कँटीनमधून गरम पाणी आणा, शेकायला. तुमच्याशिवाय कोणाले जमनार नाई. तिथला चहावाला पोचू कोणाले देत नाई गरम पाणी."

"मले कसा देत नाई पाहातो न," म्हणत गुणाबाई उठल्या. त्या दाराबाहेर गेल्यावर रिना खाटेवर टेकली.

"दिव्यानी, कार्डावर कोणाचं नाव आहे?"

रुखमानं पदर तोंडाशी नेला. दिव्यानीनं मास्क थोडा बाजूला केला.

"उर्वशीताईचं."

"तुह्यं?"

"घरी. पेटीत."

"लाल?"

मान हलली. मग ती भराभर बोलू लागली, दोन शब्द आणि एक श्वास, दोन शब्द आणि एक श्वास. ताप यायच्या आधी पाच दिवस हाडं ठणकत होती. कोणाला सांगितलं नाही. आतापर्यंत लग्नाच्या दोन जागा मोडल्या. होणारा नवरा, पियुष, चांगला आहे. मामी, म्हणजे गुणाबाई, जोरात बोलतात पण चांगल्या आहेत. "तुम्ही सांगान तं हेही मोडन."

"त्यायले मी नाई सांगत. तुह्यं रक्त, तू सांगशील तेव्हा. पण डॉक्टरले सांगनं लागते, आत्ता. हा साधा न्यूमोनिया नाई. तुह्या पेशी वाकून फुफ्फुसात अडकून राह्यल्या. नुसत्या इंजेक्शननं त्या निघत नाईत. रक्त द्यावं लागते."

"उद्या दिलं तं नाई चालत? उद्या मामी गावाले जाते."

"नाई चालत."

रिनानं ते इतक्या सरळ सांगितलं की दिव्यानीनं पुढं घासाघीस केली नाही.

"डॉक्टरले सांगा. मामीले नाई."

वॉर्डाचे डॉक्टर अपघाताच्या रुग्णाला टाके घालत होते. निरोपावर उलट निरोप आला: अर्ध्या तासात येतो. तेवढ्यात गुणाबाई वाफाळती बाटली घेऊन विजयी चेहऱ्यानं परत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग, पाच मिनिटं आधीच, देशकर मॅडम.

६. विद्यार्थिनीचे निदान

"मॅडम, व्हरांड्यात बोलू या का?"

"का बरं? बेडसाइड म्हणजे बेडसाइड." देशकर मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि एक आधीच सांगते. फाइलबाहेरची गोष्ट मला चालत नाही. मागच्या वेळी तुम्ही फार भटकलात असं शेऱ्यात आहे."

इथं दोनच वाटा होत्या. फाइलमधला न्यूमोनिया पाठ म्हणून दाखवायचा आणि पास व्हायचं, बाकी डॉक्टर आल्यावर. नाहीतर आत्ताच्या आत्ता मोठ्यानं सांगायचं, आणि मघाशी दिलेला शब्द गुणाबाईंच्या कानात ओतायचा. पहिलीत अर्धा तास जात होता. दुसरीत मुलीचा विश्वास.

रिनानं तिसरी वाट काढली. सहाव्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली, खाली एक ओळ, 'नातेवाइकांसमोर नाव घेऊ नये, रुग्णाची विनंती', आणि कागद मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी वाचलं. दिव्यानीकडं पाहिलं. गुणाबाईंकडं पाहिलं. फाइल उघडून रक्ताचा अहवाल पुन्हा पाहिला. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"ठीक. नाव मी विचारणार नाही. बाकी सगळं विचारीन. आणि पटलं नाही तर नापास करीन."

"चालेल, मॅडम."

७. तोंडी

प्रश्न. रक्त.

उत्तर. प्राणवायू सोडला की हिच्या पेशीतलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून ताठ काड्या होतात. पेशी वाकते. चार महिने जगणारी पेशी पंधरा-वीस दिवसांत मोडते. मोडलेल्या पेशींचं पिवळं डोळ्यांत उतरलंय. लोह कमी नाही, मॅडम. आयुष्य कमी आहे. लोहाच्या गोळ्या कशाला?

प्रश्न. फुफ्फुस.

उत्तर. वाकलेल्या पेशी बारीक नळ्यांत अडकल्या. त्या भागाला प्राणवायू कमी, म्हणून आणखी पेशी वाकतात, म्हणून आणखी अडकतात. सुरुवात जंतूनं केली असेल किंवा हाडांच्या दुखण्यानं. एक्स-रेच्या फोटोत दोन्ही न्यूमोनियासारखंच दिसतं.

प्रश्न. हृदय.

उत्तर. वर्षानुवर्षं रक्त पातळ, म्हणून हृदयाला जादा काम. फुफ्फुसाच्या नळ्यांत दाब वाढला, उजवी बाजू ढकलून ढकलून दमतेय. दुसरा ठोका म्हणून मोठा. अशात सलाईन भराभर सोडलं तर पाणी फुफ्फुसात जाईल.

"काय बोलून राह्यल्या ह्या?" गुणाबाईंनी मधेच विचारलं. "मराठीत सांगा न."

"मराठीतच सांगून राह्यल्या, मामी," मास्कमधून दिव्यानी म्हणाली.

"सलाईनचं तेवढं समजलं मले," गुणाबाई पुटपुटल्या.

प्रश्न. प्रतिकारशक्ती. ती तर सगळ्यांचीच कमी-जास्त असते.

उत्तर. हिची प्लीहा लहानपणीच अडकून अडकून सुकली असणार. हाताला लागत नाही. प्लीहा म्हणजे गाळणी, काही जंतू तिथंच गाळले जातात. ती नाही, म्हणून साधा खोकलाही हिला महाग. लस झालीय का, ते विचारायला हवं.

प्रश्न. चारांतलं मुख्य कोणतं? एकच सांगा. भटकू नका.

उत्तर. मूळ रक्तात आहे. पण आज जीव फुफ्फुसात अडकलाय. आज फुफ्फुस.

देशकर मॅडमनी पेन बंद केलं, डॉक्टर कुठं अडकलेत ते आणि त्यांचा नंबर वॉर्डातल्या सिस्टरला विचारला, पर्समधून मोबाइल काढला आणि थेट त्यांनाच लावला. "डॉक्टर, अकरा नंबरला आत्ता या. टाके दुसऱ्या कोणाला घालू द्या."

८. उपचार

डॉक्टर आले, ऐकलं, तपासलं. वाद घातला नाही. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पाठवली, रक्ताची चिठ्ठी लिहायला घेतली आणि सवयीनं विचारलं, "कार्ड द्या, नंबर टाकायचाय."

रुखमाचा हात पिशवीत गेला. पिवळा कोपरा पुन्हा बाहेर येऊ लागला.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. रिनानं फक्त दिव्यानीकडं पाहिलं.

दिव्यानीनं मास्क काढला. "माय, ठेव ते." मग मान वळवली. "मामी, ते कार्ड ताईचं आहे. माह्यं लाल आहे. मी एसएस आहे."

बाजूच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा खोकायची थांबली. गुणाबाई स्टुलावरून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. त्या काय म्हणतील याची वाट सगळे पाहत होते, आणि त्या रुखमावर कडाडल्या.

"आन् मी हिले बसस्टँडापासून पायी चालवत आनली! दम लागते म्हने तं मी म्हनलं, नखरे करून राह्यली. एक शब्द सांगितला असता तं आटो केला नसता का मी?"

"लग्न मोडलं असतं, बाई," रुखमा रडत म्हणाली.

"लग्नाचं मंग. आधी हिच्या तोंडावर ते लावा."

मास्क पुन्हा बसला. चिठ्ठी रक्तपेढीत गेली. काचेचा अहवालही आला, वाकलेल्या पेशींनी भरलेला. देशकर मॅडमनी उरलेले रकाने न वाचता सही केली. "भटकण्यालाही नकाशा लागतो, खोब्रागडे. आज होता तुमच्याकडं," एवढंच म्हणून त्या खाट बाराकडं वळल्या. रिना पास झाल्याचं महिन्याभरानं कळलं, पण त्या सकाळी तिला ते ठाऊकच होतं.

रक्ताची पिशवी अडकवताना गुणाबाईंनी तिला कोपऱ्यात ओढलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सिस्टर, खरं सांगा. पोरंबाळं? हिच्यासारखीच?"

"ते एकट्या हिच्यावर नाई, बाई. मुलाचं रक्त साफ असन तं पोरं वाहक होतीन, माह्यासारखी. मी उभी आहे न तुमच्यासमोर? अन् मुलगा वाहक असन, तर मात्र विचार करावा लागते. तुमच्या पियुषचं कार्ड कोणतं?"



"त्याचं कार्डच नाई."

"काऊन?"

"मुलाचं कोन विचारते?"

थेंब पडायला लागले होते. यंत्रावरचा आकडा नव्वदवरून त्र्याण्णववर आला होता आणि दिव्यानीचे डोळे मिटत होते. गुणाबाईंनी कमरेचा मोबाइल काढला, वॉर्डात शांतता राखा अशा पाटीखालीच उभ्या राहिल्या आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलल्या.

"पियुष, पहिल्या गाडीनं चंद्रपूरले ये... हो, रक्त चढून राह्यलं तिले, बरी आहे... तिच्यासाठी नाई, बावा. तुह्यं रक्त तपासाचं आहे."