अर्धी गोळी

"पेशंटला झोप लागलेली दिसतेय," सर्जनसाहेब म्हणाले.

"लागू दे. बोलायचं कोणी, ते तरी आधी ठरवा," नर्सिंगच्या बाई म्हणाल्या.

पलंगावर डोळे मिटून पडलेला पेशंट म्हणजे औषधशास्त्राचे मास्तर. कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागे 'अर्धी गोळी' म्हणत. अडचण कुठलीही असो, 'अर्धी गोळी वाढवून बघू' हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर.

कॅन्सर बरा होणार नाही हे कळल्यावर माणसाची काळजी सगळ्यांनी मिळून कशी घ्यायची, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याआधी शिक्षकांनीच शिकावं, म्हणून हे शिबिर. चिठ्ठ्या टाकून कामांची अदलाबदल केलेली. सर्जनसाहेबांच्या वाट्याला नर्स आली होती आणि बाईंच्या वाट्याला सर्जन. बाई खिशात हात घालून घड्याळाकडे बघत आत आल्या, तेव्हा साहेब सोडून सगळे हसले. समाजसेविका औषधवाली झाली होती. शिबिर घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा नियम एकच: आधी खुर्ची, मग तोंड.

खुर्ची कोपऱ्यात तशीच होती. तिघंही उभ्यानेच मास्तरांच्या पोटावर फाईल ठेवून भांडत होते. शेवटी मास्तरच कंटाळले आणि डोळे उघडून त्यांनी चिठ्ठीवरचा प्रश्न विचारला.

"मी बरा होणार ना?"



"चादर बदलू का?" साहेब म्हणाले.

"रिपोर्ट येऊ दे," बाई म्हणाल्या.

समाजसेविकेने मास्तरांकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही. "अर्धी गोळी वाढवून बघू."

हास्याचा नुसता स्फोट झाला. मास्तरही हसले, आणि मग एकाएकी उठून बसले. हेच उत्तर ते कित्येक महिने घरी थोरल्या भावाला, दादाला देत होते, तेही दारातूनच. दादाच्या कॅन्सरवरचे उपचार थांबले होते आणि आता तो बरा होणार नाही, हे त्याला सांगायचं काम घरच्यांनी मास्तरांवर सोपवलं होतं. मास्तरांना ते जमत नव्हतं.

संध्याकाळी ते थेट दादाच्या खोलीत गेले. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो ठेवायला जागा सापडेना, म्हणून मांडीवर घेऊनच ते बसले.

दादा बघत राहिला. "बसलास? म्हणजे आज गोळी वाढत नाही वाटतं."

"वाढेल. दुखणं थांबवायला लागेल तेवढी देऊ." मास्तरांनी मांडीवरचा ढीग सावरला. "पण दादा, बरं करणारी आता नाही रे."

दादाने उशी सरकवून मान वर केली.

"एवढं सांगायला शिबिराला जावं लागलं तुला?"

"हो. तिथं मी पेशंट होतो."

"पास झालास?"

"सगळ्यांना वाटलं, मला झोप लागली."

दादा खोकला येईपर्यंत हसला. मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खळेना. दादाने हात लांब करून ढिगातला एक सदरा ओढला. दोघं घड्या घालू लागले. ढिगाच्या तळाशी दादाचाच निळा सदरा निघाला. त्याने तो छातीशी धरून बघितला. खांदे दोन्हीकडून लोंबत होते.

"हा तू घेऊन जा," दादा म्हणाला, आणि बाही नीट मुडपून त्याने तो मास्तरांच्या मांडीवर ठेवला.