काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही

मी एक जुना, पोचा आलेला बिस्किटांचा डबा आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माझं तुमच्यावर प्रेमबीम काही नाही. बिस्किटं संपेपर्यंत डबा उराशी धरणारे तुम्हीच आणि नंतर त्यात खिळे कोंबणारेही तुम्हीच.

कारखान्यात माझ्या झाकणावर दोन हसरी मुलं छापली. तेव्हापासून मला खोट्या गोडव्याचा तिटकारा आहे. बिस्किटं संपल्यावर या घरातल्या आईने मला धुऊन अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं. ती मुलांना घरीच शिकवते. तिने माझ्यात चिठ्ठ्या टाकल्या: आजोबा, बाबा, शिंपीणकाकू, दूधवाला. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची, त्या माणसाचा हात हातात घ्यायचा, तीन प्रश्न विचारायचे आणि त्याच्यावर दोन ओळींची कविता करायची. नियम एकच, काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. "माणसं जोडायला शिकायचं, बरं का!" असं आई म्हणायची. पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचो. मूर्ख होतो.

घरातली धाकटी सहा वर्षांची. तिने गुपचूप एक चिठ्ठी वाढवली: मावशी. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, याच जिन्याने वरच्या मजल्यावर राहते. आजीच्या आजारपणात कोण जास्त राबलं यावरून दोघींचं वाजलं. चार वर्षं झाली, जिन्यात गाठ पडली तरी तोंड फिरवतात. धाकटीला मावशीचा आवाजसुद्धा आठवत नव्हता. तो तिला ऐकायचा होता, एवढंच.

एके दिवशी नेमकी तीच चिठ्ठी निघाली.

"ही नको, दुसरी काढ," आई म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, परत टाकायची नाही?"

आईने चिठ्ठी टराटरा फाडली आणि मला असं ढकललं की मी फरशीवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. धाकटीने मला उचललं आणि आई "अगं, थांब!" म्हणेपर्यंत जिना चढलीसुद्धा.

मावशीने दार उघडलं. धाकटीने हात पुढे केला.

"आईने पाठवलं?"

"नाही. चिठ्ठी निघाली."

"आता पोरांना पुढे करते होय! सांग तिला, असली नाटकं माझ्याकडे चालायची नाहीत." मावशीने दार धाडकन लावून घेतलं.

खाली येऊन धाकटीने दोन ओळी लिहिल्या:

"मावशीचं दार हिरवं आहे.
कडी आईसारखीच जोरात लावते."

आईने वाचलं. कागद पालथा ठेवला. मग म्हणाली, "यमक जुळत नाही."

त्यानंतर धाकटीने कवितेची एकही ओळ लिहिलेली नाही. मला याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

आता मी माळ्यावर असतो, खिळ्यांचं ओझं पोटात घेऊन. मला घासा, पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. पोरांना जिव्हाळ्याच्या कविता शिकवायच्या असतील, तर आधी स्वतः जिना चढा. जमत नसेल तर डब्यात बिस्किटंच ठेवा.

माझ्यात खिळे कोंबण्याआधी धाकटीने आत एक नवी चिठ्ठी सोडली होती. तिच्यावर 'आई' असं लिहिलं आहे. खिळ्यांखाली ती तशीच पडून आहे, अजून कोणी काढलेली नाही.