भिंतीवरची पुंगळी

क्लीटस अजून मेलेला नाही, पण माझ्यापुरता मेला. दर हिवाळ्यात माझ्या टेबलावर बसून एल्क हरणाचं मटण ओरपणारा हा मेला, आमच्याच खोऱ्यातला दुसरा बंदूकवाला, यानं आम्हाला वकिलाची नोटीस पाठवली. म्हणे ऑरिननं त्या बुटक्या, जाड काडतुसाची रायफल यापुढे बनवायची नाही, कारण पेटंट क्लीटसचं आहे!

ऑरिन माझा नवरा. अमेरिकेत, मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात बंदुका बनवतो. ते काडतूस त्याच्याच डोक्यातून निघालेलं. लांब काडतुसाइतकाच जोर, पण रायफल आखूड नि हलकी. नळीत काडतुसाचं घर कोरायचं हत्यार क्लीटसनं उसनं मागितलं आणि यानं दिलं; त्यावरूनच त्यानं गुपचूप पेटंट काढलं. आमच्याकडे कारागीर एकमेकांना हत्याराला नाही म्हणत नाहीत. चांगुलपणा कसला, शुद्ध गाढवपणा!

"कोर्टात सांग ना, काडतूस माझं आहे म्हणून," मी म्हटलं.

"पेटंटचा कागद त्याच्याकडे आहे, आर्डिस. माझं कोण ऐकणार?"

"मग बस हात चोळत!"

तणतणत मी गावातल्या बारमध्ये गेले आणि समोरच्या भिंतीकडे बघून थबकले. नव्या काडतुसानं पहिली शिकार साधली, की शिकाऱ्यानं रिकामी पुंगळी त्या भिंतीवर ठोकायची, खालच्या फळीवर साल आणि काडतूस घडवणाऱ्याचं नाव कोरायचं, अशी आमची रीत. क्लीटसनं ती मिरवत मिरवत पाळली होती. साल पेटंटच्या अर्जाच्या तीन वर्षं आधीचं. नाव ऑरिनचं. हावरटपणात स्वतःचंच कोरलेलं विसरला होता गधडा!

मी फळीसकट पुंगळी उपटली आणि वकिलापुढे आपटली. अर्जाच्या वर्षभराहून आधी एखादी वस्तू चारचौघांत वापरली गेली, तर तिच्यावर पेटंट टिकत नाही. क्लीटसचं रद्द झालं.

"बरी जिरली!" मी म्हणाले.

"आता ते कुणाचंच नाही," ऑरिन म्हणाला. "माझंही नाही."

पुढच्या शिकारीच्या हंगामात एका बड्या कारखान्यानं तेच काडतूस बाजारात आणलं. डब्यावर कारखान्याचं नाव, ठसठशीत. तो डबा घेऊन क्लीटस आमच्या दारात आला.

"बघितलंस, ऑरिन? चोर लेकाचे!"

"चोर? तू म्हणतोस? कोणत्या तोंडानं रे?" मी दार त्याच्या नाकावर आपटलं.

ऑरिन फळी उचलून बारमध्ये गेला आणि होती तिथे परत ठोकून आला. त्या काडतुसाशी जोडलेलं माझ्या नवऱ्याचं नाव जगात तेवढ्या एकाच जागी आहे, आणि तेही त्या चोराच्या हातचं.